हरकतीची पोच

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'हरकत' नावाचं एक फोल्डर आहे. आत सालवार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात माणसांच्या नावानं सेव्ह केलेले अर्ज. नगरपरिषदेच्या समोरच आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. आधी सासरे इथेच चिंचेखाली मराठी टाइपरायटर घेऊन बसायचे. २००१ साली आम्ही गाळा घेतला आणि मी बसायला लागले. जन्मदाखला, वारसनोंद, नळजोडणी, बांधकाम परवानगी, माहितीचा अधिकार, सगळ्याचे अर्ज माझ्या हातून गेलेत. पण कुणी हरकतीचा अर्ज टाइप करायला आलं की मी अजूनही खुर्ची पुढे ओढून बसते. बाकीच्या अर्जांत माणूस काहीतरी मागत असतो. हरकतीत तो सांगत असतो, की तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंय ते बरोबर नाही, माझं ऐकून घ्या.

आमची नगरपरिषद 'ब' वर्गातली, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात तिला. आधी घरांची मोजणी होते. मग हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील, याचा चौरस मीटरमागे दर धरतात. बांधकाम आरसीसी की विटा-मातीचं, वर स्लॅब की पत्रा, राहतं घर की दुकान, गावाचा भाग कुठला, यावर तो दर बदलतो. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कराची टक्केवारी. प्रारूप यादी लागते, घरोघर नोटिसा येतात आणि नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते: हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी.

गेल्या आकारणीला मोजणीचं काम ठेकेदार एजन्सीकडे होतं. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरचं यंत्र नि मोबाइल अशी विशीतली पोरं गल्लोगल्ली फिरली. पोरं वाईट नव्हती. दिवसाला इतकी घरं झालीच पाहिजेत असा त्यांच्या मागे लकडा होता. दार उघडं असेल तर आत जायचं, बंद असेल तर बाहेरूनच अंदाज. फोटो काढायचा, मोबाइलवर टिचक्या मारायच्या, पुढचं दार. ती एक टिचकी चार वर्षं माणसाच्या उंबऱ्यावर बसून राहते, हे त्या पोरांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

आमच्या बोळातल्या आक्का नोटीस घेऊन आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. त्या बाकावर बसून राहिल्या. पदराच्या टोकानं चष्मा पुसला, नोटीस मांडीवर उलगडली, पुन्हा घडी घातली. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "अगं पोरी, आपल्याकडं दुकान कुठाय? ही मशीन तर माझ्या लग्नातली हाय."

आक्कांच्या घरापुढे पत्र्याची पडवी आहे. तीन बाजू उघड्या, चौथी घराची भिंत. तिथे शिलाई मशीन, एक स्टूल, आणि नातवानं पुठ्ठ्यावर रंगवून दिलेला बोर्ड: 'येथे पिको-फॉल करून मिळेल'. मोजणीच्या पोरानं बोर्डाचा फोटो काढला होता. यादीत त्या पडवीपुढे दोन शब्द छापून आले होते. बांधकाम: आरसीसी. वापर: बिगरनिवासी.

मी त्यांना बिलातली एकेक ओळ वाचून दाखवायला लागले. एकत्रित मालमत्ता कर. वृक्ष कर. अग्निशमन कर. घनकचरा शुल्क. मग राज्य शासनाचे दोन: शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हे दोन्ही नगरपरिषद गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. शिक्षण कर १९६२ च्या कायद्यानं आलेला. बिगरनिवासी जागेला त्याचा दर राहत्या घराच्या दुप्पट. रोजगार हमी कर राहत्या घराला लागतच नाही, फक्त बिगरनिवासीला लागतो. म्हणून आक्कांच्या बिलात तो पहिल्यांदाच आला होता.

रोजगार हमी हे शब्द ऐकल्यावर आक्का गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते असू दे. तेवढं राहू दे."

मला समजलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. १९७२ च्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या. माहेरच्या गावाबाहेर खडी फोडायला आईबरोबर जायच्या. हाताला फोड यायचे, त्यावर चिंधी बांधायची. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली अर्धी फडक्यात बांधून धाकट्या भावांसाठी घरी न्यायची. लग्न झाल्यावरही पाच-सहा उन्हाळे त्यांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. ते काम रोजगार हमीचं. "त्या हमीवर आमी जगलो," आक्का म्हणाल्या. "त्यो कर मी भरीन. पर माझ्या पडवीला दुकान म्हणू नगा. आन् पत्र्याला सिलाब म्हणू नगा."

मी अर्ज टाइप केला. 'वरील विषयास अनुसरून' इथपर्यंत बोटं सवयीनं गेली आणि तिथे थांबली. पुढचं वाक्य मी आक्कांच्या शब्दांत घातलं: पडवीवर पत्रा आहे, स्लॅब नाही, समक्ष येऊन पाहावे.

रोजगार हमीची कल्पना ज्यांनी लावून धरली ते वि. स. पागे आमच्याच भागातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. सुरुवातीचा प्रयोगही तिथेच झाला. दुष्काळानंतर ती योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी सत्तरच्या दशकात शहरांतल्या माणसांवर कर बसला, व्यवसाय करही त्यातलाच, १९७५ चा. शहरातल्या दुकानदारानं गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून पैसे द्यायचे, इतकं सरळ नातं एखाद्या करात असू शकतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे? बिलावर ते सात-आठ अक्षरांत छापलेलं असतं. आक्कांना ते कळलं, कारण त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना त्या स्वतः उभ्या राहिल्या आहेत. माझ्या दुकानात बिल घेऊन येणाऱ्या माणसांचा राग बहुतेक वेळा रकमेवर नसतो. पैसा कशाचा आणि कुणी ठरवला, हे कुणीच सांगत नाही, यावर असतो.

आता राज्याच्या त्या शिक्षण कराकडे जरा बारकाईनं बघा. त्याच्या दराच्या पायऱ्या वार्षिक भाडेमूल्यावर आहेत. कमी भाड्याच्या घराला २ टक्के, मग चढत चढत ६,००० रुपयांच्या वर गेलं की ६ टक्के. बिगरनिवासीला तिथे १२ टक्के, आणि वर रोजगार हमीचे ३. ६,००० रुपये वार्षिक म्हणजे महिना ५०० रुपये भाडं. ज्या काळात ५०० रुपये भाड्यात ऐसपैस बंगला मिळत असेल त्या काळातल्या या पायऱ्या. लहान घराला कमी, मोठ्याला जास्त, हा त्यांचा हेतू चांगलाच होता. आज आमच्या गावात महिना ५०० रुपयांत कुणी गाडी लावायला शेडसुद्धा देत नाही. म्हणजे आक्कांची दोन खोल्यांची माती-विटांची वास्तू आणि बाजारपेठेतला तीन मजली वाडा, दोघंही सगळ्यात वरच्या पायरीवर. नगरपरिषदेनं दर चार वर्षांनी भाडेमूल्य वाढवायचं आणि राज्यानं पायऱ्या जुन्याच ठेवायच्या, तर गरिबाला वर चढवत नेण्याचं काम आपोआप होतं. त्यासाठी कुठला ठराव लागत नाही, कुणाचं मत लागत नाही. ही दुरुस्ती विधिमंडळालाच करावी लागेल. माझी पहिली सूचना हीच आहे, आणि ती मी लेखी पाठवलेली आहे.

सुनावणीला मी आक्कांबरोबर गेले. दुकान दोन तास बंद ठेवलं. सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. भिंतीवर ओळीनं महापुरुषांच्या तसबिरी, अर्धगोलात नगरसेवकांच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर त्या दिवशी आम्ही बसलो होतो, नोटिसा घेऊन, कारण नगरसेवक नव्हतेच. समोर नगररचना विभागाचे अधिकारी. बिचाऱ्यांपुढे फायलींचा ढीग. एकेकाला दोन मिनिटं मिळत होती.

आक्कांचं नाव पुकारलं. अधिकाऱ्यांनी फोटो बघितला. "बोर्ड लावलाय ना, आजी?"

"लावलाय की. बोर्ड नसता तर चार बाया कशा आल्या असत्या?"

"मग व्यवसाय आहे."

"साहेब, दिसाला दोन साड्या येत्यात. कधी त्याबी न्हाईत. संध्याकाळी मशीन भिंतीला लावते आन् तिथंच निजते. मग ती निजायची जागा का दुकान?"

साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी फोटोऐवजी आक्कांकडे बघितलं. फेरमोजणी असा शेरा मारला. काही महिन्यांनी निर्णय आला: वापर निवासी. बांधकामापुढे मात्र आरसीसी तसंच राहिलं होतं. पुढे अपील करता येतं, पण आधी मागणीची रक्कम भरायची आणि मग अपील लावायचं. आक्का म्हणाल्या, राहू दे आता. मी जोर केला नाही. फोल्डरमध्ये त्यांच्या अर्जाची दुसरी प्रत तयार आहे, पुढच्या आकारणीला तारीख बदलून द्यायची.

त्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल मला सविस्तर बोलायचंय. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीला आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. निवडणूक झाली २ डिसेंबर २०२५ ला, तीही सर्वोच्च न्यायालयानं मे महिन्यात बजावल्यानंतर. काही ठिकाणी २० तारखेला मतदान झालं, निकाल २१ ला. आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पण जवळपास चार वर्षं गावात निवडून आलेलं कुणी नव्हतं. प्रशासक होते. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. आमच्याकडची आकारणी याच काळात झाली. भाडेमूल्याचे दर कागदावर आले, ठरावाला क्रमांक पडला, आणि सभागृहात उभं राहून "हा दर खालच्या आळीला परवडणार नाही" असं म्हणणारं एकही तोंड नव्हतं. आमचे नगरसेवक फार मोठे वक्ते होते असं नाही. पण सकाळी दूध आणायला निघाले की लोक त्यांना अडवत, आणि अडवलेला माणूस सभेत दोन शब्द बोलतोच. ते अडवणंच बंद झालं होतं. प्रशासक काळात कराचा दर वाढवता येणार नाही, आकारणी लोकनियुक्त सभागृह येईपर्यंत थांबेल, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात हवी. ही माझी दुसरी सूचना.

पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचं ठरलं. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. खर्च झालाच. तरीही दीडशे वर्षांनी आपल्याला ते एक मत माहीत आहे, कारण तिथे सभा होती, सभासद होते आणि मत मोजून लिहून ठेवायची रीत होती. गावच्या पैशाबद्दल गावच्या सभागृहात 'नाही' म्हणता येणं ही आपल्याकडची जुनी कमाई आहे. ती चार वर्षं कुलूपबंद राहिली याचं दुःख मला अजून होतं.

बरं, नगराध्यक्षाचंच घ्या. २००१ ला तो थेट लोकांतून निवडला. २००६ ला नगरसेवकांतून. २०१६ ला पुन्हा थेट. २०२० ला ते रद्द झालं. २०२२ ला पुन्हा थेट. सरपंचाचंही तसंच झालं, २०१७, २०२०, २०२२. दोन्ही पद्धतींच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे, मला स्वतःला थेट निवड बरी वाटते, कारण माणूस अडवायला एक दार मिळतं. पण सरकार बदललं की पद्धत बदलते, अध्यादेश निघतो, आणि ज्यांनी मत द्यायचं त्यांना कुणी विचारलं नाही याचं वाईट वाटतं. घरपट्टीच्या यादीवर हरकत घ्यायला कायदा मला मुदत देतो. माझ्या गावाचा कारभारी कसा निवडायचा यावर हरकत नोंदवायला खिडकीच नाही.

विचारलं तर फरक पडतो, हे आपण बघितलंय. २०२४ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात विशेष जनसुरक्षा विधेयक आलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांच्या वर आल्या. माझ्या दुकानात दोन्ही बाजूंची पत्रं टाइप झाली. एक निवृत्त फौजदार विधेयक लवकर मंजूर करा म्हणून लिहून गेले, आणि त्याच संध्याकाळी हमाल पंचायतीत काम करणारा एक मुलगा ते मागे घ्या म्हणून. दोघांना मी एकच गोष्ट सांगितली, रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. मधल्या काळात त्यात बदल झाले. उद्देशातले शब्द नेमके केले गेले, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. मला तो कायदा आजही पटलेला नाही. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला इतक्या सैल व्याख्येवर देऊ नये असं माझं मत आहे. पण पहिल्या मसुद्यात आणि शेवटच्या कायद्यात जो फरक पडला तो समिती बसली आणि लोकांनी लिहिलं म्हणून पडला. मग करांबाबतची विधेयकं, नगरपरिषद कायद्यातल्या दुरुस्त्या, ज्या थेट माणसाच्या घरात शिरतात, त्या लोकांपुढे महिनाभर का ठेवू नयेत? केंद्रानं २०१४ मध्ये असं धोरण घालून घेतलं, मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर हवा. पाळणं न पाळणं वेगळं, निदान मोजायला माप आहे. आणि मसुदा मराठीत हवा, आक्कांना वाचून दाखवता येईल अशा मराठीत. आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या नाही आणि का, हेही छापायला हवं. अर्जदाराला जशी पोच मिळते तशी.

आता सवलतींबद्दल. इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही.

मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. तेव्हापासून आमच्याकडेही दर निवडणुकीत कुणीतरी घरपट्टी माफीचं पत्रक छापून घ्यायला येतं. मी टाइप करून देते, ते माझं काम. पण मनातून मला ते नको आहे. मुंबईची गोष्ट वेगळी, तिची तिजोरी वेगळी. आमच्यासारख्या गावाची स्वतःची मिळकत म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. सासरे जकात नाक्याची आठवण सांगायचे. वेशीवर बांबू आडवा, गुळाची गाडी थांबली, पावती फाटली, बांबू वर. लाच होती, त्रास होता, रांगा होत्या, जकात गेली ते बरंच झालं. पण तो गावाचा स्वतःचा पैसा होता. नगरपालिकांची जकात आधी गेली, महापालिकांची एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करामार्गे, आणि जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईतलीही संपली. महापालिकांना कायद्यानं भरपाई ठरली, दरवर्षी ८ टक्के वाढीची. आम्हाला अनुदान, ज्यातून कामगारांचे पगार भागतात. अनुदान लांबलं की पगार लांबतो, आणि झाडूवाल्या मावशी माझ्या दुकानात उचल मागायला येतात.

व्यवसाय कराचंही तेच. घटनेच्या कलम २७६ मध्ये तो राज्यासाठी किंवा नगरपालिकेसाठी लावता येतो. केरळ, तमिळनाडूत तो स्थानिक संस्था घेतात. आपल्याकडे राज्य घेतं. मी वर्षाला २,५०० रुपये भरते. १९८८ पासून कमाल मर्यादा तिथेच थांबली आहे. त्यातला निम्मा जरी माझ्या गावात राहिला तर दुकानासमोरच्या गटारावर झाकण येईल. रोजगार हमीचं देणं मला मान्य आहे, आक्कांइतकंच. उरलेल्यात गावाचा वाटा मागणं गैर नाही.

म्हणून घरपट्टी ठेवा. गावाला आपलं म्हणून जे देतो त्यातलं हे शेवटचं उरलंय. पेट्रोलवर कर देताना मला कुणी दिसत नाही, साबणावर जीएसटी देताना दिसत नाही. घरपट्टी भरताना खिडकीपलीकडे ओळखीचा वसुली लिपिक असतो, आणि त्याला मी विचारू शकते की आमच्या बोळातला दिवा आठ दिवस बंद का आहे.

माफीइतकीच मला अभय योजना खटकते. नगरपरिषदेत थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. सावकारी व्याज झालं हे. नवरा वारलेली, मुलगा आजारी असलेली बाई दोन वर्षं मागे पडली की तिला ते डोंगरासारखं होतं, आणि तिचा नळ तोडायला माणसं येतात. मग काही वर्षांनी ही शास्ती माफ करायची योजना निघते. २०२५ मध्ये राज्यानं नगरपरिषदांसाठी अशी योजना मंजूर केली. तिच्यामुळे त्या बाईला दिलासा मिळतो, खरंय. पण बाजारपेठेत चार गाळे असलेला माणूसही मुद्दाम थांबतो, त्याला ठाऊक असतं की आज ना उद्या अभय येणार. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरपट्टी भरली. पावत्या तारेत ओवून ठेवायचे. त्या तारेकडे बघून मला वाटतं, शास्तीचा दर मुळातच बँकेच्या व्याजाइतका करा, हप्ते द्या, गरिबाला लेखी मुदत द्या, आणि मग माफी कुणालाच नको. वेळेत भरणाऱ्याला सूट हवी. ग्रामपंचायतीत ती आहे: सप्टेंबरअखेर भरली तर ५ टक्के सूट, वर्ष उलटलं तर ५ टक्के जादा. माझ्या माहेरी आई त्या ५ टक्क्यांसाठी गणपतीच्या आधीच भरून मोकळी होते.

माहेरची आणखी एक गोष्ट हेवा वाटण्यासारखी आहे. ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गर्दी होते न होते, भांडणं होतात, पण आईनं एकदा उभं राहून पाण्याच्या टाकीचा खर्च विचारला आणि ग्रामसेवकाला वही उघडावी लागली. मी तिच्यापेक्षा जास्त शिकले, नगरपरिषदेच्या दारात आयुष्य काढलं, आणि मला असं उभं राहायला कधी जागा मिळाली नाही. ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली. शहरातल्या माणसाला पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई, आणि चार वर्षांतून एकदा हरकत.

जानेवारीत आमच्या प्रभागाच्या नव्या नगरसेविका अंदाजपत्रकाच्या झेरॉक्स काढायला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. तिच्या लग्ननोंदणीचा अर्ज मीच टाइप केलेला. मी तिला म्हटलं, बाळ, सभेत हात वर करायच्या आधी एकदा हे कागद घेऊन आमच्या बोळात ये. कायद्याची मनाई तर नाहीच. ती म्हणाली, येते काकू.

आणि आली. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसलो. सतरा माणसं होती, त्यातल्या अकरा बायका. तिनं घाबरत घाबरत आकडे वाचले. कुणी दिव्याचं विचारलं, कुणी घंटागाडीचं. एकानं घरपट्टी माफ करा म्हटलं, त्यावर थोडी वादावादी झाली, मी माझं म्हणणं मांडलं. आक्का मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. शेवटी उठल्या. कमरेच्या पिशवीतून बिल काढलं, तेच, घड्यांवर फाटत आलेलं.

"हितं शिक्षणाचा कर लिवलाय. त्यो मुंबईला जातो म्हणं. जाऊ दे. पर चार नंबर शाळेचा पत्रा गळतोय त्याचं काय? आन् माझ्या पडवीवर सिलाब न्हाई, पत्राच हाय, ते बघायला कोण येणार?"

नगरसेविकेनं अंदाजपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. आक्कांनी ते लिहिणं संपेपर्यंत वाट बघितली.

"लिवलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता खाली तारीख घाल, सही कर, आन् त्याची एक झेरॉक्स मला दे."